पोनिकीचे गाव

कल्याणहून निघणारा एक महामार्ग मुरबाड, माळशेज, नगर, परभणी, नांदेड असा सगळा महाराष्ट्र आडवा कापत जातो. भोकर मागे पडले, की भैंशाच्या अलीकडे तो तेलंगणात शिरतो. सरकारी कागदांत कितीतरी वर्षे त्याची ओळख 'कल्याण–निर्मल' अशीच होती. त्यामुळे निर्मल हे नाव मैलाच्या दगडांवर लाखो मराठी माणसांनी वाचले आहे. बासरच्या सरस्वतीपाशी मुलांचे अक्षरलेखन करायला जाणाऱ्या मराठवाड्यातल्या कुटुंबांना तर हा मुलूख चांगलाच परिचयाचा. पण हा रस्ता जिथे संपायचा, त्या गावात उतरून तिथली लाकडी सीताफळे, पेरू आणि केळ्यांचे घड हातात घेऊन पाहिलेली माणसे त्या मानाने थोडी.

ती फळे एकदा हातात घ्यावीत. डोळ्यांना ती खरीच वाटतात. पेरूवरचा पिवळसर हिरवा, केळीच्या सालीवरचे तपकिरी ठिपके, मिरचीच्या देठाचा बाक, सारे जागच्या जागी असते. फसवणूक उघडी पडते ती वजनामुळे. फळ उचलावे, तर हात अपेक्षेपेक्षा वर जातो, इतके ते हलके. हा हलकेपणा कारागिराच्या हातचा नव्हे, झाडाने दिलेला आहे. त्या झाडाला तेलुगूत 'पोनिकी' म्हणतात. निर्मलच्या खेळण्यांचा इतिहास सांगताना नायक-राजे येतात, निजाम येतो, बक्षिसे आणि प्रदर्शने येतात. झाड मात्र एका वाक्यात उरकले जाते. वास्तविक या गावाच्या भरभराटीचा आणि आजच्या अडचणीचा धागा त्या झाडातूनच जातो.

गावाची स्थापना परंपरेने निम्म नायडू या सतराव्या शतकातल्या वेलमा नायकाच्या नावावर मांडली जाते. निर्मल हे नावही त्याच्यावरूनच पडले, असे गावकरी सांगतात. या नायकाला कलेची हौस होती. त्याने ठिकठिकाणचे ऐंशीएक कारागीर बोलावून आणले, त्यांना वसवले आणि खेळण्यांच्या धंद्याची सुरुवात करून दिली, अशी आख्यायिका आहे. या कारागिरांना नक्काश म्हणतात. शब्द फारसी वळणाचा, अर्थ कोरणारा, रंगवणारा, नक्षी काढणारा. मराठीतल्या 'नक्षी'चे आणि 'नक्काशी'चे गोत्रही तेच. एकाच घरात एक हात लाकूड कोरतो आणि दुसरा कुंचला चालवतो, ही या लोकांची जुनी रीत.

निर्मलचे नाव त्या काळी केवळ खेळण्यांमुळे नव्हते. गावाभोवतीच्या टेकड्यांवर आजही किल्ले, बुरूज आणि तटबंदी दिसते. अठराव्या शतकात ही जहागीर निजामाचा सरदार जफरुद्दौला इब्राहिम बेग धौंसा याच्याकडे होती. या सरदाराचे नाव मराठ्यांच्या पत्रव्यवहारातही भेटते. निर्मलला तोफा ओतल्या जात. जवळच, गोदावरीपलीकडच्या कोनसमुद्रम् या खेड्यात मुशीत पोलाद पिकवले जाई. दमास्कसच्या तलवारींसाठी जगभर नाव मिळवलेल्या पोलादाच्याच जातीचे ते होते, आणि ते विकत घ्यायला इराणी व्यापारी येत. लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात भूगर्भतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या हेन्री व्हॉयसीने ही कृती पाहून लिहून ठेवली. त्याचे टिपण त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ साली, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले.

लोखंड, तोफा आणि खेळणी हे तिन्ही धंदे एका गावाच्या परिसरात नांदले ते भोवतालच्या जंगलामुळे. भट्टीला कोळसा जंगलातला, तोफगाड्यांना सागवान जंगलातले, आणि खेळण्यांना पोनिकीही जंगलातलीच. भट्ट्या विझल्या, तोफखाना संपला. खेळणी तेवढी टिकली.

पांढरे लाकूड

पोनिकी हे एरंडाच्या कुळातले झाड. वनस्पतिशास्त्रात त्याला गिवोटिया मोलुकाना म्हणतात. जुन्या पुस्तकांत गिवोटिया रॉटलेरिफॉर्मिस हे नाव सापडते. दक्षिण भारत आणि श्रीलंका एवढाच त्याचा मुलूख, आणि त्यातही कोरड्या, खडकाळ टेकड्यांवरची पानगळीची जंगले ही त्याची आवडती जागा. त्याची सख्खी भावंडे पाहायची, तर समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिका आणि मादागास्कर गाठावे लागते. पाने मोठी, हृदयाच्या आकाराची, पाठीमागून पांढुरकी लवदार. लाकूड पांढरे, मऊ, एकसारख्या पोताचे आणि देशातल्या सर्वांत हलक्या लाकडांपैकी एक. तमिळ किनाऱ्यावर लाकडाचे ओंडके बांधून समुद्रात जाणाऱ्या कट्टुमरमशी त्याचे नाते इंग्रजी अमदानीतच जोडले गेले. पांढरे कॅटमरान झाड हे त्याचे इंग्रजी नाव त्यातूनच आले.

सुतार अशा लाकडाकडे ढुंकूनही पाहणार नाही. त्याची चौकट होत नाही, खाट होत नाही, नांगर तर होतच नाही. सरपण म्हणूनही ते भर्रकन जळून जाते. नक्काशाला मात्र हेच हवे होते. सागाला शिरा असतात. पटाशी शिरेच्या उलट गेली, की ढलपी उडते आणि हरणाचे शिंग मोडते. पोनिकीत पटाशी कुठल्याही दिशेने फिरवावी, ती लोण्यात फिरल्यासारखी फिरते. पोपटाची चोच, द्राक्षाचा घोस, कारल्याच्या अंगावरचे उंचवटे असे बारीक काम याच लाकडात जमते.

लाकूड आणल्यावर आधी त्यातली ओल घालवायची. मंद धगीवर ते हळूहळू शेकून निघते. घाई केली तर तडकते, आळस केला तर ओल आत राहते आणि रंग नंतर पोपडे धरून सुटतो. मग ओबडधोबड आकार काढायचा, पाय, शेपटी, कान असे भाग वेगळे कोरायचे आणि जोडायचे. सांधे भरायला चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांचा लगदा वापरतात. खेळणे एका अखंड ठोकळ्याचे आहे असे पाहणाऱ्याला वाटते ते या लगद्यामुळे. तो वाळला, की कानशीने घासून गुळगुळीत करायचे, पांढऱ्या मातीचा हात द्यायचा आणि मग रंग. पूर्वी हे रंग झाडपाल्यापासून आणि खनिजांपासून घरीच तयार होत. आता बाजारचे तयार रंग आले आहेत.

निर्मलच्या रंगकामातली सोन्याची झाक ही एक वेगळीच गोष्ट. एका वनस्पतीचा रस वापरून नक्काश सोन्याशिवाय सोनेरी चमक आणत. या चमकेवरची कथा गावात अजून सांगितली जाते. निजामाची स्वारी निर्मलला आली तेव्हा कारागिरांनी त्याच्या आसनावर एक केळफूल टांगले. दोरी ओढताच ते उमलले आणि त्यातून सोनेरी पाकळ्यांचा वर्षाव झाला. निजाम खूश झाला आणि कारागिरांना राजाश्रय मिळाला. कोणता निजाम आणि कोणते साल, याला कथा उत्तर देत नाही. पण लाकडाचे केळफूल खरे वाटावे, ही त्या गावाची महत्त्वाकांक्षा तिच्यात नेमकी उतरली आहे.

पुढे निर्मलचा हात खेळण्यांवरून सपाट फळीवर गेला. काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी रंगात अजिंठ्याच्या आकृती, मुघल धाटणीची चित्रे, फुले, पक्षी असे काम सुरू झाले आणि 'निर्मल पेंटिंग' म्हणून ते हैदराबादच्या दिवाणखान्यांत शिरले. या कलेला हैदराबादेत वाट मिळवून देण्याचे श्रेय लेडी हैदरी यांना दिले जाते. सर अकबर हैदरी हे संस्थानचे दिवाण, आणि त्यांच्या घरच्या या आस्थेमुळे निर्मलचे काम थोरामोठ्यांच्या नजरेत भरले. १९५५ साली गावातल्या कारागिरांनी आपली सहकारी संस्था काढली. आजही निर्मलला खेळणी घ्यायची, तर पत्ता सांगितला जातो तो याच सोसायटीचा.

जंगलाची रेघ

निर्मलच्या उत्तरेला डोंगर सुरू होतात. जुना हैदराबाद–नागपूर रस्ता महबूब घाटाने ते चढून जातो. घाटाला सहावे निजाम महबूब अली खान यांचे नाव आहे. वर गेले, की सागाचे रान, मुरुडशेंगेची जाळी, तेंदू, मोह, आणि या सगळ्यांत राहणारा गोंड, कोलाम, परधान समाज.

या रानाने दोनदा रक्त पाहिले. रामजी गोंड या नेत्याने रोहिल्यांना सोबत घेऊन इंग्रज आणि निजामाच्या फौजेशी झुंज दिली. ९ एप्रिल १८६० रोजी निर्मलला एका वडावर त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना फाशी देण्यात आली. फाशी गेलेल्यांची संख्या लोकपरंपरा हजार सांगते, म्हणून तो वड 'वेय्यि उरुल मर्री' म्हणजे 'हजार फासांचा वड' झाला. ते झाड आता उरलेले नाही. आठवण आहे, स्मारक आहे.

दुसरी घटना १९४० सालची. जंगल राखीव करण्याची मोहीम पुढे सरकत गेली तशी पिढ्यान्पिढ्या कसलेली शेते, चराईची राने, सरपणाच्या वाटा एकेक करून बंद झाल्या. 'जल, जंगल, जमीन' ही घोषणा ज्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे, ते कुमराम भीम त्या वर्षी जोडेघाटला पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्या उठावानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे आदिलाबादच्या गोंडांच्या परिस्थितीचा अभ्यास सोपवला.

खेळण्यांच्या गोष्टीत हे सारे कशाला, असे कोणी विचारील. कारण जंगलाभोवती जी रेघ ओढली गेली, ती गोंडांच्या शेतापाशी थांबली नाही. नक्काशांच्या हत्यारांपर्यंत ती आली. पूर्वी पोनिकी म्हणजे कुणाच्याच हिशेबात नसलेले, बिनकामाचे लाकूड. गावापासून काही कोसांवर मिळायचे, डोक्यावरून किंवा गाडीतून यायचे. जंगल सरकारी झाल्यावर प्रत्येक ओंडक्याला परवानगी आली. खात्याच्या दृष्टीने मोल होते सागाचे. सागाची लागवड झाली, सागाची विरळणी ठरली, सागाची मोजदाद झाली. पोनिकीला ना कोणी लावले, ना कोणी मोजले. जवळची झाडे तुटत गेली आणि कारागिरांना दूरदूरच्या रानांकडे पाहावे लागले. २०१२ साली कवाल अभयारण्य व्याघ्र प्रकल्प झाले. वाघासाठी ते आवश्यकच होते. पण या बाजूच्या रानातून लाकूड मिळण्याची शक्यता त्यामुळे आणखी आवळली.

इथे सीमेचाही एक पदर आहे. १९५६ साली भाषावार राज्यरचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे मराठी भाग तोडून तेव्हाच्या मुंबई राज्याला जोडले गेले. निर्मल आणि मुधोळ आंध्र प्रदेशात गेले. भैंसा, मुधोळ, बासर या पट्ट्यात आजही मराठी सर्रास ऐकू येते. २०१६ च्या ऑक्टोबरात निर्मल हा आदिलाबादमधून वेगळा जिल्हा झाला. माणसांची विभागणी पुन्हापुन्हा झाली, रान मात्र सलग राहिले. किनवटचे डोंगर आणि निर्मलचे डोंगर हे एकाच पानगळी जंगलाचे दोन काठ आहेत.

झाड पुन्हा का आले नाही

तुटलेले झाड पुन्हा उगवते, ही शेतकऱ्याची साधी समजूत. बाभूळ उगवते, कडुलिंब उगवतो, सागाला फुटवे येतात. पोनिकीच्या बाबतीत ही समजूत अपुरी पडते.

पोनिकीचे बी टणक कवचाचे असते आणि सहजी रुजत नाही. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत कवच काढून आतला गर्भ वाढवून रोपे तयार करण्याचे प्रयोग केले ते याच अडचणीवर मात करण्यासाठी. शिवाय पोनिकीत पपईसारखी नर आणि मादी झाडे वेगळी असतात. रानात चार झाडे जवळजवळ असली, तर परागीकरण होते आणि बी धरते. झाडे विरळ झाली, एखाद्या टेकडीवर एकच उरले, तर ते फुलते पण त्याला वंश नसतो. म्हणजे तोडीने दुहेरी नुकसान होते. तोडलेले झाड जाते, आणि राहिलेल्या झाडाचे बी जाते. त्यातून जे थोडे बी रुजते त्याला गुरे आणि उन्हाळ्यातला वणवा यांच्यातून वाचायचे असते.

कोकणातल्या एका गावाशी निर्मलची तुलना केली, की हा मुद्दा लख्ख होतो. सावंतवाडीही लाकडी फळांसाठी प्रसिद्ध. तिथल्या चितारआळीतला आंबा, फणस, काजू घराघरातल्या शोकेसमध्ये वर्षानुवर्षे बसलेला असतो. अठराव्या शतकात तिसऱ्या खेम सावंतांच्या काळात तिथल्या चिताऱ्यांना आश्रय मिळाला. गंजिफा आणि लाकडी खेळणी दोन्ही बहरली. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकात ती कला मरू दिली नाही. या खेळण्यांचे जुने लाकूड पांगाऱ्याचे, तेही हलके आणि मऊ. पण पांगारा कसा लावतात? पावसाळ्याच्या तोंडावर त्याची फांदी तोडून जमिनीत खोचली, की ती जीव धरते. कोकणी माणूस कुंपणाला पांगारा खोचतो, मिरीचे आणि पानाचे वेल त्याच्यावर चढवतो. चिताऱ्याचे लाकूड शेताच्या बांधावर वाढत होते, शेतकऱ्याच्या रोजच्या नजरेखाली. सावंतवाडीतही पुढे पांगाऱ्याची चणचण भासली आणि आंब्याच्या लाकडाचा वापर वाढला. पण तिथे कारागीर दुसऱ्या लाकडाकडे वळू शकला, कारण तिथले बरेच काम चरकावर फिरवून, लाखेने रंगवून होते. निर्मलचे काम पटाशीचे. त्याला पोनिकीसारखे लोणी दुसरीकडे मिळत नाही.

आंध्रातल्या एनटीआर जिल्ह्यातल्या कोंडपल्लीची दशावताराची बाहुली आणि अंबारीचा हत्तीही याच लाकडाचा. तिकडे त्याला 'तेल्ल पोनिकी', म्हणजे पांढरी पोनिकी, म्हणतात. तिथल्या कारागिरांचेही दुखणे तेच. कर्नाटकातले चन्नपट्टण आणि आंध्रातले एटिकोप्पाका ही दोन खेळण्यांची गावे काळ्या कुड्यावर उभी आहेत. काळा कुडा तोडला तरी बुंध्यातून पुन्हा फुटतो, म्हणून त्या गावांची स्थिती त्या मानाने बरी.

एका वाकड्या झाडाची गोष्ट

झाडाची निगा म्हणजे काय, याचे एक उदाहरण दूरच्या इंग्लंडमध्ये आहे. १८६३ साली ग्लॉस्टरशायरमधल्या फ्रॉस्टर गावाजवळ शेताच्या कुंपणात हेझलचे एक झुडूप सापडले. हेझल म्हणजे चॉकलेटात जिचा गर असतो त्या फळाचे झाड. युरोपातल्या रानात ते सर्रास आढळते, आणि त्याच्या सरळसोट काठ्या दर काही वर्षांनी तोडून कुंपणे विणायची तिकडे जुनी पद्धत. हे एक झुडूप मात्र वेडेवाकडे होते. त्याची प्रत्येक फांदी नागमोडी पिळलेली, पानेसुद्धा चुरगाळल्यासारखी. ते बियांनी लावून उपयोग नव्हता, कारण बीपासून येणारी रोपे त्याच वळणाची निघतील याचा भरवसा नसतो. म्हणून माळ्यांनी त्याच्या फांद्या साध्या हेझलच्या खुंटावर डोळे भरून, कलमे करून वाढवल्या. खुंटावरून सरळ फुटवे येतात. ते वेळच्या वेळी मुळापासून काढले नाहीत, तर दहा वर्षांत सरळ झाड वाकड्या झाडाला गिळून टाकते. पिळाच्या काठीवरून प्रसिद्ध झालेल्या हॅरी लॉडर या स्कॉटिश गायक-विनोदकाराचे नाव त्याला लोकांनी दिले. आज हे झाड युरोप-अमेरिकेतल्या असंख्य बागांत आहे, आणि ती सगळी त्या एका कुंपणातल्या झुडपाची संतती आहे.

निर्मलच्या उन्हाळ्यात हे हेझल तग धरणार नाही. त्याला कडाक्याची थंडी लागते. पण निर्मलच्या रानात त्याची आठवण करून देणारे एक झुडूप आहेच. मुरुडशेंगेची पाने थेट हेझलच्या पानांसारखी दिसतात, आणि तिच्या शेंगा दोरखंडासारख्या पिळलेल्या असतात. मराठी घरांतल्या बाळगुटीच्या सहाणेवर तिचे वेढे ठरलेले. पोटात मुरडा आला, की ही मुरडलेली शेंग. रानातली माणसे तिच्या सालीचे दोर वळत आली. मुरुडशेंगेला निगा लागली नाही, कारण तोडली तरी ती फुटून येते.

फ्रॉस्टरच्या कुंपणात जे घडले ते पोनिकीच्या वाट्याला आले नाही, हा या गोष्टीचा गाभा आहे. तिथे एका बिनकामाच्या, वाकड्या झुडपाला कोणीतरी रानातून उचलले, बागेत आणले, ते कसे वाढते हे शोधून काढले आणि ती विद्या दुसऱ्याला दिली. इथे तीनशे वर्षे एका झाडावर अख्ख्या गावाचा चरितार्थ चालला. त्याचे लाकूड कसे शेकावे, कसे कोरावे, कसे जोडावे याची विद्या बापाकडून मुलाकडे आली. त्याचे रोप कसे करावे, ही विद्या कोणाकडेच आली नाही. यात नक्काशांना दोष देता येत नाही. जंगल त्यांचे नव्हते, जमीन त्यांची नव्हती, आणि रान अफाट असताना झाड लावावे असे कुणाच्या मनात येत नाही. दोष असलाच, तर ज्यांच्या ताब्यात ते रान होते आणि ज्यांच्या वहीत फक्त साग होता, त्यांच्या दृष्टीचा आहे.

आजचा हिशेब

निर्मलच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. निर्मलचे फर्निचर आणि निर्मलची चित्रे यांनाही ते स्वतंत्रपणे आहे. एका लहान शहराच्या नावावर अशी तीन मानांकने असणे ही मोठी गोष्ट. २०२१ च्या जानेवारीपासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना त्यातून सवलत देण्यात आली. प्लॅस्टिकच्या खेळण्यांविरुद्ध लाकडी खेळण्यांची बाजू घेणारे पालकही वाढले आहेत. म्हणजे कायदा अनुकूल आहे, गिऱ्हाईक मिळू शकते, हातातले कसब जिवंत आहे. अडते ते लाकडापाशी.

वन खात्याने पोनिकीची रोपे तयार करण्याचे आणि लावण्याचे प्रयत्न केले आहेत, आणि त्याचे स्वागतच करायला हवे. पण रोप लावणे आणि झाड वाढवणे यांत अंतर आहे. वृक्षारोपणाच्या मोहिमेत खड्ड्यांची संख्या मोजली जाते. पोनिकीला हवी आहे ती पहिल्या काही उन्हाळ्यांची राखण. जनावरांपासून कुंपण, वणव्यापासून जाळपट्टा, नर-मादी झाडे एकत्र राहतील अशी दाट लागवड, आणि जी जुनी झाडे आज टेकड्यांवर उभी आहेत त्यांची नोंद करून बियांसाठी त्यांचे जतन. ही कामे गोंड-कोलाम गावांच्या हातून झाली, तर रानाच्या माणसांना मजुरी मिळेल आणि नक्काशांना लाकूड. ज्या रेघेने दोघांनाही जंगलाबाहेर काढले, ती रेघ थोडी सैल करण्याचाही हाच मार्ग आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा अधिकार दिला आहे. गावाने राखलेल्या रानात एक तुकडा पोनिकीचा असायला काहीच आडकाठी नाही.

एटिकोप्पाकात सी. व्ही. राजू यांनी वनस्पतिजन्य रंग परत आणले. बियांपासून, मुळांपासून, सालीपासून रंग काढण्याची हरवलेली कृती त्यांनी कारागिरांबरोबर बसून पुन्हा जुळवली, आणि त्यांना पुढे पद्मश्री मिळाली. एका माणसाच्या चिकाटीने एका गावाचे रंग वाचले. निर्मलला तशीच चिकाटी लाकडासाठी हवी आहे.

मराठी वाचकाचा यात वाटा काय? एक तर शेजारधर्म. नांदेड, किनवट, भोकरच्या माणसाला निर्मल हैदराबादपेक्षा जवळ आहे. बासरला जाणारी कुटुंबे वर्षभर त्याच बाजूला जातात. पाटीपूजन आटोपल्यावर थोडी वाट वाकडी करून निर्मलला जावे, सोसायटीत किंवा नक्काशांच्या घरी थेट जाऊन खेळणे घ्यावे, किमतीत घासाघीस करू नये. आणि खेळणे हातात आल्यावर ते कुठल्या झाडाचे आहे, एवढे मुलाला जरूर सांगावे. मराठवाड्यातल्या कृषी विद्यापीठाने, वनविभागाने आणि रोपवाटिका चालवणाऱ्या शेतकऱ्यांनी पोनिकीचे बी रुजवण्याच्या कामात निर्मलला हात द्यावा. आज लावलेले रोप कोरण्याजोगे व्हायला कितीतरी पावसाळे जातील. आज ज्या नक्काशाची मुलगी वडिलांजवळ बसून पोपटाचे डोळे रंगवायला शिकते आहे, तिला पटाशी धरायची वेळ येईल तेव्हा लाकूड हवे असेल, तर पोनिकीची रोपे येत्या पावसाळ्यात जमिनीत गेली पाहिजेत.